गोवामुक्ती आणि सरहद्दीचा मुलूख : एका वादाचा आढावा

गोवा कशाने मुक्त झाला, या प्रश्नावर साठ वर्षांनंतरही एकमत नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली, इतके सर्वांना मान्य आहे. मतभेद आहेत ते तिथवर नेणाऱ्या वाटेबद्दल. कोणी श्रेय सत्याग्रहींना देते, कोणी हातात शस्त्र घेतलेल्या तरुणांना, कोणी भारतीय सेनेला, तर कोणी त्या काळच्या बदललेल्या जगाला. या चारही बाजूंनी गंभीर लेखन झाले आहे आणि प्रत्येकीकडे पुरावा आहे. पण हे सारे लेखन पणजी, दिल्ली किंवा लिस्बन यांपैकी एका ठिकाणी उभे राहून केलेले आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड, सावंतवाडी या पट्ट्यातून, म्हणजे गोव्याला लागून असलेल्या आणि १९४७ पासून स्वतंत्र असलेल्या भूमीवरून, या लढ्याकडे पाहिले तर चारही मार्ग एकमेकांशी कुठे जोडले होते ते दिसते. शेजारच्या मोकळ्या मुलखाने लढ्याला आसरा दिला आणि त्याच मुलखाच्या सरकारने लढ्याचा वेगही ठरवला, असे या आढाव्याचे म्हणणे आहे.

पार्श्वभूमी

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, तरी आजचा संपूर्ण गोवा त्यांच्याकडे तेव्हा नव्हता. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजाती. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडे, सांगे, केपे, काणकोण हा घाटाला टेकलेला भाग अठराव्या शतकात त्यांच्या हाती आला, म्हणून त्या नव्या काबिजाती. पुढे सरहद्द झाली ती याच नव्या काबिजातींची कड. या भागातील माणसांचे नातेसंबंध, देवदेवस्की आणि बाजारहाट घाटावरच्या आणि सावंतवाडीच्या मुलखाशी जोडलेले होते. सत्तरीच्या राण्यांनी एकोणिसाव्या शतकात वारंवार बंडे केली. दीपाजी राण्यांचे १८५२ चे बंड तीन वर्षे चालले. उलट दिशेची उदाहरणेही आहेत. १८४४ मध्ये कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी उठाव केला आणि तो सावंतवाडीत पसरला, तेव्हा फोंड सावंतांसारखे बंडवाले इंग्रजांपासून वाचण्यासाठी गोव्याच्या हद्दीत गेले. दोन सत्तांमधल्या सरहद्दीचा उपयोग करण्याची कला इथल्या लोकांना सत्याग्रहाच्या शंभर वर्षे आधीपासून अवगत होती.

इंग्रज आणि पोर्तुगीज यांची मैत्री जुनी. १८७८ च्या करारानंतर जकातीचे आणि रेल्वेचे प्रश्न दोघांनी मिळून सोडवले आणि मुरगावहून घाट चढून कॅसलरॉकमार्गे लोंढ्याकडे येणारी रेल्वे उभी राहिली. या रेल्वेने खानापूर तालुक्यातले लोंढे हे गोव्याचे पूर्वेकडील दार बनवले. बेळगाव त्या काळात इंग्रजी मुलखातील राजकारणाचे मोठे केंद्र होते. १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चेन्नम्मांचा संग्राम या परिसरात झाला आणि १८३१ मध्ये संगोळ्ळी रायण्णांना नंदगडला फाशी दिली गेली. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगावच्या प्रांतिक परिषदेत झाली. डिसेंबर १९२४ मध्ये गंगाधरराव देशपांडे यांच्या यजमानपणाखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि गांधीजींनी त्यांच्या आयुष्यात एकदाच स्वीकारलेले काँग्रेसचे अध्यक्षपद ते याच अधिवेशनाचे. स्वयंसेवक जमवणे, त्यांची राहण्याजेवण्याची सोय लावणे, पत्रके छापणे, वर्गणी गोळा करणे या कामांची सवय या शहराला होती. गोव्याच्या लढ्यात ती उपयोगी पडली.

गोव्याच्या आत राजकीय जागृती झाली ती गोमंतकीयांच्याच हातून. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापली. पोर्तुगालने १९३० मध्ये वसाहत कायदा आणला तेव्हा मिनेझिस ब्रागांझ यांनी विधिमंडळात त्याला विरोध करून स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. पुढे पोर्तुगालमधील सालाझारच्या हुकूमशाहीत सभा, छपाई, संघटना सगळ्यांवर बंधने आली. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली आणि त्यातून सविनय कायदेभंगाची लाट उठली. त्याच वर्षी नॅशनल काँग्रेस (गोवा) ही संघटना स्थापन झाली आणि तिची स्थापना सरहद्दीपलीकडे लोंढ्याला झाली. गोव्यात जमणे अशक्य होते, मुंबई लांब होती, लोंढे रेल्वेने जोडलेले आणि पोर्तुगीज पोलिसांच्या हाताबाहेर होते. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे यांना शिक्षा होऊन पोर्तुगालला धाडण्यात आले आणि त्यानंतर संघटनेचे उघड काम बाहेरूनच चालवावे लागले.

चार भूमिका

पहिली भूमिका सत्याग्रहाला मध्यवर्ती मानणाऱ्यांची. तिचा भर १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांवर आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोमंतकीय सत्याग्रही तीन बाजूंनी आत गेले आणि तेरेखोलच्या किल्ल्यावर काही काळ तिरंगा फडकला. त्या वर्षी भारत सरकारने गोमंतकीय नसलेल्यांना सरहद्दीवर अडवले होते. पुढच्या वर्षी ते बंधन सैल झाले. पुण्यात जयंतराव टिळक, केशवराव जेधे आदींनी गोवा विमोचन सहायक समिती उभारली आणि १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली. मधु लिमये, शिरूभाऊ लिमये, त्रिदिब चौधुरी, जगन्नाथराव जोशी अशी समाजवादी, डाव्या आणि जनसंघी पक्षांची माणसे एकामागून एक आत गेली. आतल्या बाजूने सुधाताई जोशी यांनी म्हापशात सत्याग्रह केला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र लोक सरहद्द ओलांडू लागले आणि पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला. मृतांचा आकडा बहुतेक ठिकाणी वीसच्या पुढे दिला जातो. पत्रादेवीला पडलेले कर्नैलसिंग पंजाबचे होते. गोव्याचा प्रश्न भारतभरच्या लोकांना आपला वाटला तो या दिवसामुळे, आणि तसे झाले नसते तर १९६१ चा निर्णय कोणत्याच सरकारला घेता आला नसता, असे या पक्षाचे प्रतिपादन आहे.

दुसरी भूमिका सशस्त्र गटांची बाजू मांडते. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये आझाद गोमंतक दल काढले. पोलीस चौक्या, खाणींची सामग्री, दळणवळण ही त्यांची लक्ष्ये होती. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या चौकीवरील हल्ल्यात मोहन रानडे गोळी लागून पकडले गेले. त्यांची सुटका झाली ती गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षांनी, जानेवारी १९६९ मध्ये. या पक्षाचा मोठा आधार दादरा व नगरहवेली हा आहे. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक आणि कम्युनिस्ट यांनी तो प्रदेश मुक्त केला, आणि हे काम भारतीय सेनेने केलेले नव्हते. सालाझारची राजवट शांततेच्या भाषेला दाद देणारी नव्हती, हा त्यांचा युक्तिवाद अंगोला, मोझांबिक आणि गिनीत पुढे घडलेल्या गोष्टींनी बळकट होतो.

तिसरी भूमिका सरळ सांगते की निर्णय लष्कराने केला. लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी इन्फंट्री डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची पॅराशूट ब्रिगेड गोव्यात उतरली आणि दोन दिवसांत काम पुरे झाले. चौथी भूमिका बाहेरच्या जगाकडे बोट दाखवते. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहती संपवण्याचा ठराव केला आणि दुसऱ्या ठरावात पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेशांच्या यादीत गोवाही घातला. १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणण्याची पोर्तुगालची युक्ती त्यामुळे निकामी झाली. फेब्रुवारी १९६१ मध्ये अंगोलात उठाव झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीच्या परिसंवादात आफ्रिकी नेत्यांनी भारताला विचारले की गोवा अजून कसा राहिला. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धच्या ठरावाला सात मते पडली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो फेटाळला गेला. पण विरोधी चार मतांत सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक होते, याकडे हा पक्ष लक्ष वेधतो. या कारवाईला बळजबरीने केलेले सामिलीकरण म्हणणारे पाश्चात्त्य कायदेपंडितही याच वादात येतात. त्यांचा आक्षेप असा की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने बळाचा वापर निषिद्ध ठरवला होता. भारताचे उत्तर असे होते की वसाहत हेच चालू असलेले आक्रमण आहे.

सरहद्दीवरून पाहताना

या चार भूमिकांपैकी प्रत्येकीचा सर्वांत भक्कम पुरावा घ्यावा आणि तो घडला कसा हे विचारावे. दादरा-नगरहवेलीपासून सुरुवात करू. तिथले स्वयंसेवक धाडसी होते, पण संख्येने थोडे होते. दमणहून कुमक येऊ शकली असती तर त्यांचा ताबा टिकला नसता. ती आली नाही, कारण दमण आणि दादरा यांच्यामध्ये भारताची भूमी होती आणि भारताने पोर्तुगीज सैन्याला वाट नाकारली. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेले. एप्रिल १९६० च्या निकालाने खासगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता जाण्यायेण्याचा हक्क मान्य केला, सशस्त्र दलांचा अमान्य केला आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असे ठरवले. म्हणजे शस्त्राच्या यशाचे हे ठळक उदाहरणही शेजारच्या भूमीच्या नकारावर उभे आहे. गोव्यात तेच का जमले नाही, याचे उत्तरही इथेच आहे. गोव्याला समुद्र होता, मुरगावचे बंदर होते. घाटाकडची वाट बंद केली तरी पश्चिमेची मोकळी राहिली.

सत्याग्रहाचेही तसेच. सत्याग्रही पत्रादेवीला किंवा तेरेखोलला पोहोचण्याआधी त्याला कुठेतरी राहावे, जेवावे आणि वाटाड्या शोधावा लागे. परतलेल्या जखमीला दवाखाना लागे. पुण्या-कोल्हापूरकडून सडकेने बेळगावकडे येणाऱ्याला निपाणी लागतेच, आणि निपाणीहून उत्तूर, आजरा, आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरता येते. घाटावरून गोव्यात जाण्याच्या दोन मुख्य वाटा, एक आंबोलीची आणि दुसरी लोंढे-अनमोडची, या सरहद्द भागातूनच फुटतात. नॅशनल काँग्रेस (गोवा) चे अध्यक्ष पीटर आल्वारिस यांनी बेळगावातून काम चालवले. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ सुरू झाला. नंतर तो कॅसलरॉकच्या रानात गेला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून तो १९६१ पर्यंत चालवला. पोर्तुगीज वृत्तपत्रबंदीत गोव्यातील माणसाला बातमी कळण्याचे ते फार मोलाचे साधन होते. सहा वर्षे रानात राहून रोज आवाज पोहोचवत राहणे, हे काम गोळी झेलण्याइतक्याच आदराने मांडले गेले पाहिजे. आपल्या इतिहासलेखनात ते बरेचदा दोन ओळींत उरकले जाते.

लष्करी कारवाईचा पायाही तोच मुलूख. डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य बेळगाव परिसरात जमवले गेले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे. सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले आणि अनमोड घाटातून एक फळी मोले-फोंड्याकडे उतरली. १८४४ चे बंडवाले ज्या सरहद्दीच्या आधाराने लपले, तिच्याच आधाराने १९४६ चे संघटक जमले, १९५५ चे सत्याग्रही गेले आणि १९६१ चे सैन्य उतरले.

वसाहतींच्या लढ्यांच्या जागतिक अभ्यासात हे सूत्र परिचित आहे. अल्जीरियाच्या लढवय्यांना ट्युनिशियाची भूमी होती. फ्रान्सने १९५७ मध्ये त्या सीमेवर वीज खेळवलेली तारेची भिंत उभारली, यावरून तिचे महत्त्व कळते. मोझांबिकच्या फ्रेलिमोची स्थापना १९६२ मध्ये दार-ए-सलामला झाली, गिनी-बिसावचा लढा कोनाक्रीहून चालला. लोंढे आणि बेळगाव यांना या मालिकेत ठेवून पाहणारे मराठी लेखन व्हायला हवे.

आक्षेप

पहिला आक्षेप असा की सरहद्दीला इतके महत्त्व दिले तर गोमंतकीयांचे कर्तृत्व झाकोळते. हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण अलीकडच्या गोमंतकीय अभ्यासकांची तक्रार नेमकी हीच आहे. सगळी कथा भारतीय नेत्यांच्या आणि भारतीय सैन्याच्या नावाने सांगितली जाते आणि आग्वादच्या तुरुंगात खितपत पडलेला सत्तरीचा किंवा सासष्टीचा माणूस तळटीपेत जातो. पण आसऱ्याची भूमी लढा निर्माण करत नाही. लोंढ्याची बैठक गोमंतकीयांनी बोलावली, रेडिओवर बोलणारी माणसे गोमंतकीय होती, आत पत्रके वाटून छळ सोसणारी तर होतीच. आतून मागणी नसती तर बाहेरच्या तळाला काही अर्थ राहिला नसता. दुसरा आक्षेप मुंबईचा. गोमंतकीयांची सर्वांत मोठी वस्ती, त्यांची क्लबे, वर्तमानपत्रे आणि पैसा मुंबईत होता, मग बेळगावचे वेगळेपण काय? पैसा आणि विचार यांबाबत मुंबई पुढे होती, हे मान्यच. पण तारेपलीकडे माणूस पाठवायचा आणि परत आणायचा तर पायवाटा, रानातली गावे आणि दोन्हीकडे सोयरीक असलेली घरे लागतात, आणि ती सरहद्दीलाच असतात.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. आसरा देणारे राज्य उपकारकर्ते होते की अडसर? सप्टेंबर १९५५ मध्ये नेहरूंनी सत्याग्रहाला आळा घातला, सरहद्द बंद केली आणि रेल्वेही थांबली. समाजवाद्यांच्या मते यामुळे ऐन भरात आलेला लढा तोडला गेला आणि कैदी वाऱ्यावर सोडले गेले. नेहरूंची बाजू अशी की निःशस्त्र लोकांना गोळ्यांपुढे पाठवत राहणे राज्याला शोभत नाही, आणि सैन्य वापरायचे नाही असे ठरलेले असताना पुढची पायरीच नव्हती. फ्रान्सने १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडिचेरी वाटाघाटीने सोडल्यामुळे पोर्तुगालही नमेल ही आशा तेव्हा अगदीच भाबडी नव्हती. मला दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात तथ्य दिसते, तरी तोल समाजवाद्यांकडे झुकतो. १९५५ नंतरची सहा वर्षे वाटाघाटीत काही हाती आले नाही आणि शेवटी बळ वापरावेच लागले. अर्थात १९५५ चे जग आणि १९६१ चे जग एक नव्हते. आफ्रिकेतील नवी राष्ट्रे संयुक्त राष्ट्रांत येण्याआधी हेच पाऊल किती महाग पडले असते, हा प्रश्न माझ्या मताला मर्यादा घालतो.

अजून न सुटलेले

सरहद्द बंद करून भारताने केलेल्या नाकेबंदीचा हिशेब अजून नीट मांडला गेलेला नाही. घाटावरचा भाजीपाला आणि माल अडवला की गोवा शरण येईल ही अपेक्षा फोल ठरली. परदेशांतून, मुख्यतः जपानकडून, लोहखनिजाला मागणी वाढली आणि त्या पैशावर गोव्याने धान्य व परदेशी माल समुद्रमार्गे आणला. नाकेबंदीचा त्रास सालाझारपेक्षा सरहद्दीवरच्या कुटुंबांना जास्त झाला, असे एक मत आहे. बेळगावच्या व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक तुटले, माहेर-सासर तारेने वेगळे झाले, चोरटा व्यापार वाढला. दुसरे मत असे की नाकेबंदीने गोव्याला भारतापासून तोडलेले राहणे किती अनैसर्गिक आहे हे आतल्या मध्यमवर्गाला जाणवले. दोन्हींची तपासणी गावोगावच्या नोंदींवरून व्हायला हवी.

दुसरा न सुटलेला प्रश्न १ नोव्हेंबर १९५६ चा आहे. त्या दिवशी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. गोव्याची सरहद्द एका राज्याच्या ताब्यातून दोन राज्यांत विभागली गेली. भूमिगत कामावर, पोलिसांच्या धोरणावर, परवान्यांवर याचा काय परिणाम झाला, हे कोणी सलगपणे अभ्यासलेले नाही. इथल्या मराठी माणसाच्या दृष्टीने हा काळ दुहेरी ओढीचा होता. गोवा विमोचन समितीत एकत्र आलेले पक्ष आणि माणसे पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीत दिसतात. गोरे १९५७ च्या फेब्रुवारीत सुटले आणि त्याच वर्षी पुण्यातून लोकसभेत गेले. गोव्याच्या आघाडीनेच संयुक्त महाराष्ट्राच्या आघाडीला कित्ता घालून दिला, हे मत पटण्याजोगे आहे. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोव्यासाठी सरहद्द भागात राबलेल्यांत कन्नडभाषक होते, जगन्नाथराव जोशींसारखे नेते कर्नाटकचे होते आणि १९५५ मध्ये कोणत्या भाषेचा सत्याग्रही, असे कोणी विचारत नव्हते. नंतरच्या सीमावादाच्या चष्म्यातून या सहकार्याकडे पाहिल्यामुळे मराठी आणि कन्नड, दोन्हीकडील लेखनात एकमेकांची माणसे गळाली आहेत.

तिसरा प्रश्न साधनांचा. लिस्बनमधील राजकीय पोलिसांचे दप्तर, मुंबई आणि म्हैसूर राज्यांच्या गृहखात्यांच्या फायली आणि बेळगावच्या ‘तरुण भारत’सारख्या वृत्तपत्रांचे त्या वर्षांचे अंक एकत्र ठेवून वाचले जायला हवेत. १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि वर्षअखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करारान्वये मान्य केले. त्यानंतर तिथली दप्तरे हळूहळू अभ्यासकांना उघडी झाली, पण ती वाचायला पोर्तुगीज यायला हवी. इकडच्या फायलींना मराठी, कन्नड आणि इंग्रजी लागते. वाटाडे, स्वयंपाक रांधणाऱ्या बायका, रेल्वेतले कामगार आणि सत्याग्रहींना वळचणीला घेणारी घरे यांची नावे या कागदांत क्वचितच येतात. ती ऐकून लिहून घ्यायची तर खानापूर, चंदगड, दोडामार्गच्या गावांत जायला हवे. ज्यांनी ते दिवस पाहिले ते आता नव्वदीच्या घरात आहेत, आणि हे काम विद्यापीठांनी अजून हाती घेतलेले नाही.